चेहऱ्याची एक बाजू गेली आहे, औषध सुरू आहे, पण रोजचं कसं निभवायचं?

अंगणवाडीताई (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू गेली आहे. यवतमाळला मेडिकलला दाखवलं. हातपाय, बोलणं, बीपी, शुगर सगळं तपासून डॉक्टरांनी बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याची नस सुजून एक बाजू लुळी पडते तो आजार, सांगितलं आणि लगेच स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. बहुतेकांचं पूर्ववत होतं, पण काही आठवडे लागतात, कोणाकोणाला महिने लागतात, असं म्हणाले. त्यामुळे कोणतं औषध घेऊ हे मी विचारत नाही. ते आठवडे काढायचे कसे, हे विचारते. ओपीडीत मागे एवढी रांग होती की हे सगळं बोलायला वेळच मिळाला नाही.

आधी डोळ्याचं. उजवा डोळा मिटत नाही. झोपेतही अर्धा उघडा राहतो. आमच्याकडे एकच कुलर, त्याच्यासमोर सगळं घर झोपतं. सकाळी डोळा लाल असतो आणि खुपतो. दिवसा गरम हवेनं त्यातून सारखं पाणी येतं, तर पोरांना वाटतं ताई रडते.

मग जेवणाचं. पाणी कोपऱ्यातून गळतं, भाकर गालात अडकून बसते. आमरसाला चवच लागत नाही, आणि आमच्या घरी सध्या रोज रस आहे. मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवते.

सर्वात जास्त टोचतं ते कामाचं. प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात आणि माझी हवा तिथूनच निघून जाते. बडबडगीतं म्हणता येत नाहीत. पोरांचं काही नाही, ती दोन दिवसांत सरावली. मोठ्यांचंच अवघड आहे. मागच्या आठवड्यात एक गरोदर पोरगी वजनाला आली, तर तिच्या सासूनं तिला दारातूनच मागे नेलं. ताईचं तोंड पाहिलं तर पोटातल्या लेकराचं तोंड तसं होईल म्हणे. पोरीचं वजन आधीच कमी भरतं, म्हणून मी तिच्यावर लक्ष ठेवून होते. त्या दिवशी ते राहिलंच. लोक मला काय म्हणतात ते मी सोसून घेईन, पण माझ्या चेहऱ्यामुळे तिची तपासणी चुकावी हे मला सहन होत नाही.

गावात लकवा मारला अशीच बातमी आहे. कोणी म्हणतं कुलरची हवा लागली, कोणी म्हणतं बाहेरचं आहे. कबुतराचं रक्त चोळायलाही सांगून झालं. सासूबाईंनी एका जाणत्याकडे न्यायचं ठरवलं होतं, मी नाही म्हटलं. त्यांचा जीव तुटतो म्हणून त्या म्हणतात, ते मला कळतं.

आणि महिनाअखेर भाचीचं लग्न आहे. मी मामी. नवरीला मांडवात आम्ही दोघांनी आणायचं आहे. बँड आहे, पंगत आहे, फोटो आहेत. सध्या तर ताटली पडली तरी उजव्या कानात कळ जाते. ज्यांना हे होऊन गेलं त्यांनी सांगा, तुम्ही काय केलं?

---

वावरवाला (बाभुळगाव)

ताई, मले हे काही वर्षांआंधी झालतं, डावी बाजू. पह्यले डोयाचं सांगतो, काऊन का तोंड आपोआप सरळ होते, पण बुबुळाले जखम झाली तं नजर जाते.

कुलर बंद करा असं मी म्हणत नाही, आपल्याइकडच्या मे महिन्यात ते जमतच नाही. त्याचं तोंड पायाकडं फिरवा, आन् उघडा डोया भितीकडं ठेवून झोपा. दिवसा वंगणाचे थेंब येते, बाटलीवर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज लिहेल असते. मी वावरात असलो का तासा-दोन तासानं टाको. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, महिन्याच्या वर वापरू नोका. रात्री नुसते थेंब पुरत नाही, मलम टाका लागते. मलम टाकलं का धुकट दिसते, म्हणून सारं उरकून अंथरुणावर बसूनच टाका. मंग बोटानं वरची पापणी खाली ओढाची आन् कागदी चिकटपट्टी लावाची. पुरी मिटली का नाही हे आपल्याले आरशात समजत नाही. मायी बायको टॉर्च धरून पाहे, तवाच मी झोपो. पट्टीखाली कापसाचा बोया ठेवू नोका, झोपेत पापणी उघडली का तो बुबुळावर घासते. मले डोयाच्या डाक्टरनं हे बजावून सांगतलं होतं. मध, गुलाबपाणी, काजय यातलं काही डोयात घालू देऊ नोका, कोणी कितीही मायेनं आणलं तरी.

भाईर निंगतांना चष्मा पाह्यजेच. २०१७ मधी आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन मानसं गेली, त्याच्यानंतर फवारणीचे किट वाटले होते. त्याच्यात बाजूनं बंद असलेला चष्मा राहे. मी तसाच नवा कोरा चष्मा लावून वावरात जावो. वापरेल चष्मा घेऊ नोका, औषध त्याच्या रबरात बसेल राह्यते. मोटरसायकल मी तेवढे दिवस चालोलीच नाही, पोराच्या मांगं बसून जावो, तरी चष्मा लावूनच.

जेवाचं असं हाय का गाल घास मधात ढकलत नाही, म्हणून तो तिथंच जमा होते. भाकर कोरडी खाऊ नोका. वरणात नाहीतर ताकात कुस्करा, बारका घास घ्या, चांगल्या बाजूनं चावा. मधून मधून बोट फिरवून गाल खाली करा. जेवल्यावर चूळ भरतांना ओठाचा ढिला कोपरा दोन बोटानं दाबून धरा, पाणी गळत नाही. च्या पेतांनाबी तसंच, कप चांगल्या कोपऱ्याले लावाचा. बोलतांनाबी बोटानं तो कोपरा जरासा वर उचलून पाहा, प आन् ब बऱ्यापैकी निंगते. चवीचं मले लय वाईट वाटे, पण ते तोंडाच्या आंधी परत आलं.

एकच गोष्ट ऐका ताई, एकट्या नोका जेवू. मी बी आंधी ओसरीत पाठ करून बसो. बायकोनं एक दिवस मायं ताट उचललं आन् सगळ्याइच्या मधात नेऊन ठेवलं. पोराईनं पाह्यलं, दोन दिवस पाह्यलं, मंग त्याईचं त्याई जेवाले लागले.

लोकाईचं म्हणाल तं मी बजारात कोणी इचाराच्या आंधी मीच सांगो, "चेहऱ्याची नस सुजली, लकवा नाही, बरी होते." एवढं एक वाक्य. सांगतलं का मानूस पुढचं बोलते, नाही सांगतलं तं तोंडाकडं पाहत राह्यते. अडत्यापासून न्हाव्यापर्यंत साऱ्याईले तेच वाक्य.

---

वाशिमची लेक

माझ्या आईला शुगर आहे आणि तिलाही हेच झालं होतं. स्टिरॉइडनं तिची शुगर इतकी वाढली की काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं. ताई, तुमची शुगर ठीक आली आहे, पण हे वाचणाऱ्या ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गोळ्या लिहून घेतानाच डॉक्टरांना सांगावं आणि घरी तपासत राहावं. गोळी काही खाऊन मगच घ्या. बरं वाटतंय म्हणून मधेच बंदही करू नका, कशी कमी करायची ते डॉक्टर सांगतात.

लग्नाला नक्की जा. आईनं माझ्या चुलतभावाच्या लग्नात तोंडावर पदर धरून घेतला होता आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. अल्बममध्ये ती कुठेच नाही. ते पान उलटताना मला अजून त्रास होतो.

---

फिजिओ, उपजिल्हा रुग्णालय

ताई, तुमची काळजी व्यवस्थित चालली आहे. दोन-तीन गोष्टी जोडतो.

चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून येते. ती सुजली की हाडात तिला पसरायला जागा नसते. ठिबकची नळी दगडाखाली दबली की पुढच्या झाडाला पाणी जात नाही, तसा मेंदूचा निरोप पुढे स्नायूंपर्यंत जात नाही. याच नसेची एक फांदी जिभेच्या पुढच्या भागाची चव नेते आणि दुसरी कानातल्या एका इवल्याशा स्नायूला जाते, जो मोठा आवाज आत जाताना आवरतो. म्हणून आमरस बेचव लागतो आणि ताटलीचा आवाज टोचतो. लग्नात त्या कानात फोमचा बोळा घाला, तो मेडिकलच्या दुकानात मिळतो. बँडच्या गाडीपासून लांब उभ्या राहा.

कबुतराच्या रक्ताबद्दल घरी कसं सांगावं, यासाठी एक आकडा देतो. २००७ साली स्कॉटलंडमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ७२ तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोक ९ महिन्यांत पूर्ण बरे झाले. ज्यांना ते दिलं नव्हतं, त्यांच्यातले सुमारे ८२ टक्केही बरे झाले. म्हणजे काहीही चोळलं तरी बहुतेकांचं तोंड सरळ होणारच असतं आणि यश जाणत्याच्या नावावर लागतं. पण औषध वेळेत घेतल्यानं जो जास्तीचा फायदा होतो, तो जाणत्याकडे दिवस घालवून मागाहून आलेल्या रुग्णाला मिळत नाही. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा फार हळहळ वाटते.

व्यायाम जोरानं करू नका. गावात फुगे फुगवायला आणि च्युइंगम चघळायला सांगतात, ते टाळा. आरशासमोर बसून अगदी थोडी हालचाल करायची. भुवई जराशी वर, नाक जरासं आकसायचं, ओठ मिटायचे. चांगली बाजू फार ओढत असेल तर तिला बोटानं थोपवा. हलत नसेल तर बोटानं हलकी मदत द्या. जबरदस्ती केली की नस परत जुळताना हालचालींची सरमिसळ होण्याचा धोका असतो, म्हणजे घास चावला की डोळा मिटतो. करंटच्या मशीनवर पैसे घालवू नका, त्याचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही.

डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर राहिली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कानात किंवा कानाभोवती पुरळ-फोड आले तरी लगेच दाखवा, ती वेगळी गोष्ट असते. तीन महिन्यांत काहीच हालचाल परतली नाही तर पुन्हा तपासणी हवी. आणि गावातल्या सगळ्यांसाठी सांगतो: तोंड वाकडं झालं पण कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडत आहेत, किंवा सोबत हात-पाय लुळा, बोलणं अडखळतंय, तर ते मेंदूचं असू शकतं. तिथे घरी वाट पाहायची नाही, १०८ ला फोन.

गरोदर पोरीबद्दल. हे एकाचं दुसऱ्याला होत नाही आणि पाहण्यानं पोटातल्या बाळाला काहीही होत नाही. तुम्ही एकट्या सांगू नका, सिस्टरला सोबत घेऊन तिच्या घरी जा.

---

अंगणवाडीताई (दारव्हा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. कुलर फिरवला, डोळा आता सकाळी लाल नसतो. रात्री सासूबाईच टॉर्च धरून पापणी पाहतात. काम हाती मिळाल्यापासून जाणत्याचा विषय त्यांनी काढलेला नाही.

सिस्टर आणि मी त्या पोरीकडे गेलो. सासू आधी ओट्यावरूनच बोलत होती. मी दादांचं वाक्य म्हटलं, पुढचं सिस्टरनं सांगितलं. वजन तिथेच अंगणात केलं, थोडं वाढलं आहे. अंगणवाडीत पाठवते असं सासू अजून म्हणत नाही, पण पुढच्या वेळीही घरी या म्हणाली. मी जाणार आहे.

बडबडगीतं सध्या मदतनीसताई म्हणतात आणि मी हातवारे करते. लग्नाला जाणार आहे, मांडवातही येणार. भाचीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, मामी, फोटोत माझ्या उजव्या हाताला तूच पाहिजे.

एक अडचण राहिली. घामानं पट्टी मध्यरात्री सुटते, आणि सकाळी काढताना पापणीची कातडी सोलली जाते. दादा, तुम्ही काय करत होते?

---

वावरवाला (बाभुळगाव)

ताई, मलम पापणीच्या भाईर आलं का पट्टी धरत नाही. मलम टाकल्यावर भाईरचं सारं सुती फडक्यानं टिपून घ्या, गाल कोरडा करा, मंगच लावा. एक पट्टी पापणीवरून गालावर तिरपी, आन् तिची टोकं दाबाले अजून दोन बारक्या. प्लास्टिकची नोका घेऊ, कागदीच घ्या. सकायी ओढाची नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवून तिच्यावर थोडा वेळ ठेवाचा, मंग गालाकडून हळूहळू वर सोडवाची, पापणी शेवटी. कातडी लाल झाली असंन तं पट्टीची जागा रोज जरा इकडं-तिकडं करा. तरीबी सोलत असंन तं डोयाच्या डाक्टरले इचारा, बंद खोलगट झाकण भेटते डोयावर लावाले, त्याले पापणीवर चिकटवा लागत नाही.