मदत हवी आहे: पोर्ट ऑफ स्पेनमधलं वुडब्रुक

नमस्कार मंडळी. त्रिनिदादची राजधानी पश्चिमेकडे कशी वाढत गेली, यावर लेख लिहिते आहे. वुडब्रुक हा मूळचा उसाचा मळा. अँगोस्टुरा बिटर्स (पेयांत थेंबभर घालायचा कडू अर्क) बनवणाऱ्या सीगर्ट कुटुंबाकडून १९११ साली तो नगर प्रशासनाने घेतला आणि तिथे मध्यमवर्गाची टुमदार लाकडी घरं झाली. कार्लोस, लुईस, आल्फ्रेडो हे तिथले रस्ते सीगर्ट घराण्यातल्याच माणसांच्या नावाचे. आता वुडब्रुकमधल्या अरियापिता अव्हेन्यूवर बार, रेस्टॉरंटं नि ऑफिसं आहेत. जुनी घरं जाताना बघून फार वाईट वाटतं.

वुडब्रुकची माणसं शहराच्या वायव्येकडच्या डिएगो मार्टिनच्या खोऱ्याकडे का सरकली? जागेचे भाव, मोटारी, की गोंगाट? तिथे राहिलेलं कुणी ओळखीचं आहे का? वुडब्रुकशेजारच्या सेंट जेम्समध्ये कलकत्ता, मद्रास, दिल्ली नावाचे रस्ते आहेत. तिथल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या आठवणी किंवा जुने नकाशे मिळाले तर फारच उपयोग होईल.