परोपकार वर, स्वातंत्र्य तळाला: याचा अर्थ काय घ्यायचा?

कळवा_स्लो:
एम.ए. मानसशास्त्र, मुंबई विद्यापीठ, कलिना. प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकांच्या चाचण्या घेतल्या. क्रम्बो-माहोलिकची जीवनहेतू चाचणी (१९६४): २० विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. दुसरी गॉर्डनची, आंतरवैयक्तिक मूल्यांची, म्हणजे इतरांशी वागताना आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं याची. पहिलीत माझे गुण बरेच कमी आले. दुसरीत परोपकार सगळ्यात वर, स्वातंत्र्य तळाला. बाबांची रात्रपाळी असते, भावाची दहावी आहे. लेक्चर संपलं की शेअर रिक्षाने कुर्ला, तिथून स्लो लोकल, घरी पोचले की त्याची भूमिती. हे मी मनापासून करते. मग हेतू कमी कसा? की माझं स्वतःचं असं काही नाहीच?

पार्ल्याचे_मास्तर:
पोरी, गॉर्डनच्या चाचणीची रचना बघ. तीन-तीन विधानांचे ३० गट, प्रत्येकात सर्वांत महत्त्वाचं एक आणि सर्वांत कमी महत्त्वाचं एक निवडायचं. आधार, अनुरूपता (रीतीला धरून वागणं), मान्यता, स्वातंत्र्य, परोपकार, नेतृत्व: सहाही मूल्यांच्या गुणांची बेरीज कायम ९०. एकाला भरभरून दिलंस की दुसऱ्याचं कापलं जाणारच. त्यावरून शेजारच्या बाकावरच्या मुलीपेक्षा तुला स्वातंत्र्य कमी हवंय, असं ठरत नाही.

जीवनहेतू चाचणीचा पाया मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलच्या विचारात आहे. अर्थ सापडायच्या वाटा त्याने तीन सांगितल्या: हातून घडणारं काम, कुणावरचं प्रेम, आणि न टळणाऱ्या दुःखाला सामोरं जाण्याची आपली रीत. भावाची भूमिती दुसऱ्या वाटेवरच आहे. पण चाचणीत उत्साह, कंटाळा, ध्येयं हेही विचारतात. रोज उभ्याने प्रवास करून दमलेल्या मुलीचे गुण तिथे घसरले तर मला नवल वाटत नाही.

बीएड_चालू:
सरांचं पटतं, तरी विचारते. परोपकारावर खूण केलीस ती तुला तेच हवं म्हणून, की मुलीने असंच निवडावं म्हणून? मी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) होते, वर्षाला १२० तास. वस्तीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवताना लक्षात आलं की मला नुसती मदत करायची नाही, शिकवायचंच आहे. बी.एड.चं तिथेच ठरलं. तुला भूमिती शिकवणं आवडतं, की भाऊ पास व्हावा एवढंच वाटतं?

कळवा_स्लो:
शिकवणं आवडतं. पायथागोरस त्याला कागद कापून दाखवला तेव्हा मीच जास्त खूश होते! आत्ता उत्तरपत्रिका काढून बघितली. स्वतःच्या मनाने ठरवण्याची विधानं आहेत तिथे बऱ्याच ठिकाणी आधी 'सर्वांत महत्त्वाचं' अशी खूण केलीय आणि मग खोडलीय. सर, खोडलेल्या खुणांचा उल्लेख अहवालात करायचा का?

पार्ल्याचे_मास्तर:
गुणांत धरू नकोस. निरीक्षणात मात्र जरूर लिही, आणि मॅडमशी बोल.