मुंबई–कोलकाता विमान: जाताना अडीच तास, येताना तीन, असं का?

प्रश्न
जानेवारीची वेळापत्रकं बघतोय. मुंबई–कोलकाता साधारण २ तास ३५ मिनिटं, परतीला मात्र ३ तासांच्या आसपास. घड्याळ तर दोन्हीकडे एकच. अंतरही कुठे १,६६५ किमी दाखवतात, कुठे १,९०० च्या वर. खरं कोणतं? शिवाय परतीला मुंबईहून पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर घ्यायचंय, मध्ये किती वेळ ठेवावा?

प्रतिसाद १
१,६६५ किमी हे दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर, म्हणजे जवळपास ९०० नॉटिकल मैल. मोठा आकडा जमिनीवरचा. नागपूरमार्गे हावड्यापर्यंत रेल्वेने १,९६८ किमी होतात.

प्रतिसाद २
फरक वाऱ्याचा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह (खूप उंचावरचा वेगवान वारा) वाहतो आणि त्याची दक्षिणेकडची बाजू या मार्गावर येते. विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० किमी आणि वारा १०० किमी धरा. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ९३०, येताना ७३०. म्हणजे १ तास ४७ मिनिटं आणि २ तास १७ मिनिटं. तुमचा अर्धा तास इथेच निघाला.

जाताना वाचलेला वेळ आणि येताना गेलेला वेळ यांची फिटंफाट मात्र होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन ४ तास १ मिनिट लागलं असतं, वाऱ्यामुळे ४ तास ४ मिनिटं लागतात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. वैमानिक खालची उंची मागून वारा थोडा चुकवू शकतो, पण खाली हवा दाट, इंधन जास्त जळतं. उंचीही हवी ती मिळत नाही: पूर्वेकडे जाणाऱ्यांना ३५, ३७ हजार फूट अशा विषम पातळ्या, पश्चिमेकडे येणाऱ्यांना ३४, ३६ अशा सम.

पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून वाहणारा जेट तयार होतो. तेव्हा दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या होतात.

प्रतिसाद ३
वरच्या हिशेबात भर: तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. म्हणून कंपन्या मुंबईला येणाऱ्या विमानाला आधीच जास्तीची मिनिटं देऊन ठेवतात.

वेगळं तिकीट असेल तर सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि देशांतर्गत काउंटर बहुधा तासभर आधी बंद होतो. देशांतर्गत प्रवासाला किमान ४ तास, परदेशी विमानाला ६ तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी पैसे परत देत नाही. तिकिटावर नुसतं ‘मुंबई’ वाचून थांबू नका, कोड बघा: बीओएम की एनएमआय. दुसरा नवी मुंबईचा. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर ४ तासांत भागणार नाही. टर्मिनलही तपासा, टी१ आणि टी२ चालत जाण्याजोगे जवळ नाहीत.

आणि जानेवारीत कोलकात्याहून पहाटेचं विमान टाळा. धुकं सकाळी नऊ-दहापर्यंत रेंगाळतं आणि पहिल्या फेरीला झालेला उशीर तेच विमान पुढच्या फेऱ्यांनाही देतं. दुपारचं बरं.