नुसतं बाईक फिरवून काय होतं?

वर कुणीतरी लिहिलंय की जवानांच्या मानासाठी रॅली काढून, नुसती बाईक पळवून त्यांना काय मिळतं, पेट्रोल तेवढं जाळायचं. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेतली ती 'रन फॉर द वॉल' बाईक रॅली बघा, 1989 साली व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांनीच सुरू केली, कॅलिफोर्नियातून निघायचं आणि दहाएक दिवसांनी वॉशिंग्टनला त्या काळ्या दगडाच्या भिंतीपाशी पोचायचं जिच्यावर त्या युद्धात गेलेल्यांची 58 हजारांहून जास्त नावं कोरलीत. वाटेत जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलात थांबतात, त्यांच्याजवळ बसतात, आणि गावागावात लोक पुलांवर झेंडे घेऊन उभे असतात. जे परत आले तेव्हा ज्यांचं कुणी धड स्वागतसुद्धा केलं नव्हतं ना, त्यांच्यासाठी हे आहे.

आमच्या वाड्यावर एक रिटायर्ड सुभेदार काका आहेत, गुडघे गेलेत. गेल्या 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, आम्ही आठ जण बुलेटी घेऊन त्यांच्या दारात गेलो, तर काका इस्त्रीचा शर्ट, छातीवर मेडलं लावून आधीच पायरीवर बसलेले. मागच्या सीटवर बसताना माझा खांदा जो धरला तो फोंड्यापर्यंत सोडलाच नाही.

म्हणून म्हणतो, यंदा पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत करूया, आणि तसंच पुढे कारवारला, समोर अंजदीव बेट आहे, 1961 साली गोवा मुक्तीच्या वेळी तिथे उतरताना नौदलाचे सात जण गेले. सुभेदार काकांसाठी गाडी मी बघतो, बाकी कोण कोण येतंय सांगा.