'पदार्पणाचा अल्बम' म्हणता येईल का? आणि 'रिसेप्शन'ला मराठीत काय?

नागनदीकाठ
मंडळी, एक अडचण घेऊन आलोय. आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी हिप-हॉपवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतोय. विषय आहे न्यूयॉर्कचा रॅपर नॅस आणि त्याचा पहिला स्टुडिओ अल्बम 'इलमॅटिक'. १९ एप्रिल १९९४ ला कोलंबिया कंपनीनं काढला, तेव्हा हा मुलगा २० वर्षांचा. एकूण १० ट्रॅक, ४० मिनिटांच्या आत सगळं संपतं.

मी शीर्षक दिलं, 'नॅसचा पदार्पणाचा स्टुडिओ अल्बम आणि त्याचे स्वागत'. अंक तपासणाऱ्या बाईंनी दोन शब्दांना लाल गोल केले. 'पदार्पणा'पाशी लिहिलंय, "पाऊल माणूस टाकतो, अल्बम नाही." 'स्वागता'पाशी एकच शब्द, "कुणी?"

दुसऱ्या गोलापाशी मी खरंच अडलोय. मूळ लेखात 'रिसेप्शन' या एका मथळ्याखाली सगळंच येतं. 'द सोर्स' या हिप-हॉपच्या मासिकानं तेव्हाच पाचपैकी पाच माइक दिले (ते गुणांऐवजी माइक देतात), आणि ते मासिक पाच माइक सहजासहजी देत नसे. अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड २०० यादीत मात्र अल्बम १२ व्या क्रमांकाच्या वर गेला नाही. ५ लाख प्रतींचं गोल्ड मिळायला १९९६ उजाडलं, १० लाखांचं प्लॅटिनम मिळायला २००१. आणि मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव जाहीर केलं. हे सगळं 'स्वागत' या शब्दात मावतं का? शुक्रवारी मजकूर द्यायचा आहे.

मैदानावरून
बाईंचं चुकलं. 'पदार्पणाचा सामना' आपण रोज वाचतो. सामना काय पाऊल टाकतो? मार्च २००६ मध्ये आपल्याच नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर इंग्लंडच्या ॲलिस्टर कुकचं कसोटी पदार्पण झालं. पहिल्या डावात ६०, दुसऱ्यात नाबाद १०४. त्याच सामन्यात माँटी पानेसरही पहिल्यांदा खेळला आणि त्याची पहिली विकेट सचिन. मी तेव्हा स्टँडमध्ये होतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'पदार्पणातच शतक' असं होतं आणि कुणालाही खटकलं नाही. जो शब्द वापरात रुळला, तो बरोबर.

वाङ्मयप्रेमी
मैदानावरून, तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. पद अधिक अर्पण, म्हणजे पाऊल ठेवणं. कुकनं मैदानात पाऊल ठेवलं. रंगभूमीवर नट पदार्पण करतो. पदार्पणाला एक कर्ता लागतो आणि एक जागा लागते. अल्बम ही त्या पावलाची खूण झाली, पाऊल नव्हे. 'पहिला अल्बम' हे दोन साधे शब्द असताना संस्कृतची शाल पांघरायची गरज काय?

आणि मुळात 'अल्बम' तरी का? 'ध्वनिमुद्रिका' हा सुंदर शब्द आपल्याकडे आहे. लहानपणी आकाशवाणीवर निवेदक तोच म्हणत. दिग्दर्शक, महापौर हेही एके काळी नवेच शब्द होते, आज कुणाच्या जिभेला जड जातात? वापरले म्हणून रुळले. नव्या मुलांच्या अंकात हा शब्द आला नाही, तर तो मरेल.

बाराखडी
पदार्पणाबद्दल एक वेगळाच मुद्दा. नॅसचं पदार्पण १९९४ चं नाहीच. १९९१ मध्ये मेन सोर्स या गटाच्या एका गाण्यात त्यानं एक कडवं म्हटलं होतं आणि जाणकारांनी त्याला तिथेच हेरलं होतं. म्हणजे पाऊल १९९१ मध्ये पडलं, अल्बम तीन वर्षांनी आला. वाङ्मयप्रेमींची व्याख्या धरली तर 'पदार्पणाचा अल्बम' इतिहासाच्या दृष्टीनेही चूक ठरतो.

पण 'पहिला' म्हणूनही काम भागत नाही. रॅपर-गायिका लॉरिन हिलचं बघा. फ्यूजीज या गटाबरोबर तिचे दोन अल्बम आधीच आले होते. १९९८ चा तिचा एकटीचा पहिला. त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान मिळाला, हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. तिथे 'पहिला अल्बम' लिहिलं तर वाचकाची दिशाभूल होते. 'पहिला एकल अल्बम' म्हणावं लागतं, आणि 'एकल' ऐकलं की मला एकल पालक आठवतात.

इंदोरा_पोट्टा
तुम्ही सगळे पुस्तकातून बोलून राहिले. आमच्या इकडे यासाठी शब्द होता ना भाऊ. 'कॅसेट निघाली.' भीमगीतं गाणाऱ्याची पह्यली कॅसेट निघाली की पूर्ण मोहल्ल्याला माहीत. "त्याची कॅसेट निघून राहिली," असं म्हटलं की समजायचं, आता हा गायक झाला. त्याच्या आधी तो दहा वर्षं मंचावर गात असला तरी चालते, लोकांच्या लेखी तो गायक कॅसेटीनंच होत होता. मंचावरचं पदार्पण वेगळं, कॅसेट वेगळी. बाराखडींना जे १९९१ आणि १९९४ मधलं अंतर सांगायचं आहे, ते आमचे लोकं एका क्रियापदात सांगत होते.

माझ्या मोठेबाबाकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर घेतलेल्या कॅसेटींचा पूर्ण खोका आहे. कव्हरवर गायकाचा पासपोर्ट फोटो, मागे निळा रंग, खाली गाण्यांची यादी, बाजू अ आणि बाजू ब. एकीची फीत गुंतली होती तर त्यानं ती काढून पेन्सिलीनं गुंडाळून ठेवली, पेन्सिल अजून भोकात तशीच आहे. खोक्यावर लिहिलं आहे, 'कॅसेटी'. अल्बम नाही, ध्वनिमुद्रिका तर नाहीच नाही.

कोथरूड ते काटोल रोड
पोट्टा, हे फार आवडलं. पुण्यातही 'कॅसेट काढली' म्हणायचे, पण त्यात थोडा 'स्वतःच्या पैशानं काढली' असा वास असायचा. 'निघाली' मध्ये तो नाही. 'निघाली' म्हणजे आपणहून बाहेर आली, दिवाळी अंक निघतो तशी. नागनदीकाठ, 'इलमॅटिक निघाला' असं लिहून बघा.

वाङ्मयप्रेमी
दिवाळी अंक निघतो, वरात निघते, पालखी निघते. 'निघणे' मराठीच आहे, माझा विरोध नाही. विरोध 'कॅसेट'ला आहे. १९९४ चा अल्बम सीडीवर, कॅसेटवर आणि तबकडीवर, तिन्हींवर आला असणार. आजचा मुलगा तर फोनवर ऐकतो. माध्यमाचं नाव वस्तूला कसं द्यायचं?

बाराखडी
'अल्बम' हेही माध्यमाचंच नाव आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटं मावत. मोठी रचना असली की पाच-सहा तबकड्या लागत. त्या फोटोच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत घालून विकत, म्हणून त्या संचाला अल्बम म्हणू लागले. पुढे सगळी गाणी एकाच तबकडीवर मावली, बांधणी गेली, नाव राहिलं. त्याच्याही मागे लॅटिनमध्ये अल्बम म्हणजे पांढरा फलक, सूचना लिहायचा.

आणि वाङ्मयप्रेमी, तुम्ही सहज 'तबकडी' लिहून गेलात. ते 'तबक' अरबी-फारसीतून आलंय. अत्तराचं तबक, विड्याचं तबक, त्याची छोटी ती तबकडी. परका शब्द तिथे चालतो, मग अल्बम का चालू नये?

वाङ्मयप्रेमी
तबकाला मराठीनं 'डी' लावून आपलं केलं. अल्बमला काय लावलं? अनेकवचन करून दाखवा. 'अल्बम'चं 'अल्बम'च राहतं. जो शब्द आपल्या व्याकरणात वाकत नाही, तो पाहुणाच राहतो.

इंदोरा_पोट्टा
कॅसेटचं 'कॅसेटी' होते, 'कॅसेटीनं' होते, 'कॅसेटवाला' होते. मग तुमच्याच नियमानं कॅसेट मराठी झाली ना काका?

वाङ्मयप्रेमी
झाली. हे मान्य करतो.

महालकरीण
दोन दिवस नुसतं वाचत होते. सगळे पहिल्या गोलात अडकलेत, दुसऱ्याकडे कुणी बघत नाहीये, आणि खरी अडचण तिथे आहे. 'रिसेप्शन' हे नाम आहे. आपल्याकडे हे काम नाम करतच नाही, क्रियापदं करतात, आणि ती एक नाही, चार-पाच आहेत. नाटक चाललं म्हणजे तिकिटं विकली गेली. गाजलं म्हणजे सगळीकडे बोलबाला झाला, कधी वाईट कारणानंसुद्धा. नावाजलं म्हणजे ज्यांना कळतं त्यांनी चांगलं म्हटलं. उचलून धरलं म्हणजे एखाद्यानं किंवा एखाद्या मासिकानं पुढाकार घेऊन बाजू लढवली. आणि टिकलं हे सगळ्यांत शेवटी, वीस-तीस वर्षांनी कळतं.

आता तुमचा अल्बम याच्यात बसवून बघा. पहिल्या महिन्यात फारसा चालला नाही. प्रकाशनाच्या आधीच चोरट्या प्रती बाजारात फिरत होत्या, त्याचाही विक्रीला फटका बसला. 'द सोर्स'नं उचलून धरला. जाणकारांत नावाजला. चालला तो सावकाश, सात वर्षांनी १० लाखांपर्यंत गेला. आणि टिकला, म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेस. 'स्वागत' लिहिलंत की हा सगळा क्रमच पुसला जातो. स्वागत दारात होतं, एकदाच, पाहुणा आला त्या दिवशी. हा पाहुणा दारात उभा राहिला तेव्हा घरातल्या मोजक्याच माणसांनी त्याला ओळखलं. बाईंनी 'कुणी?' विचारलं ते अगदी बरोबर विचारलंय. मराठीत ते सांगावंच लागतं.

नागनदीकाठ
ताई, हे वाचून मी लेखाचा तो भाग पुन्हा लिहायला बसलो. मथळा अजून सुचत नाहीये. क्रियापदाचा मथळा कसा करू?

मैदानावरून
'प्रतिसाद' लिहा. संपला विषय.

महालकरीण
प्रतिसाद हाकेला येतो. शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद, बंदला संमिश्र प्रतिसाद. त्यात किती माणसं आली ते कळतं, त्यांना काय वाटलं ते कळत नाही.

कोथरूड ते काटोल रोड
'नावाजणे' माणसासाठी ना? नावाजलेला वैद्य, नावाजलेले वकील. अल्बम नावाजला हे मला जरा ओढूनताणून वाटतं.

महालकरीण
आमच्या घरी पदार्थसुद्धा नावाजतात. "तुझ्या हातचा गोळाभात सगळ्यांनी नावाजला," हे वाक्य मी सासूबाईंकडून ऐकलंय आणि जपून ठेवलंय.

इंदोरा_पोट्टा
पह्यले 'दाद' होती ना. कव्वालीच्या मुकाबल्यात दाद मिळते ती तिथल्या तिथे. ओळ आवडली की माणूस उठून मंचापर्यंत जाते, नोट देते, गायक थांबून त्याचं नाव घेते आणि तीच ओळ परत म्हणते. आमच्या मोहल्ल्यात पहाटेपर्यंत चालत होतं. म्हणजे दाद देणाराचं नाव गाण्यातच येऊन जात होतं. बाईंच्या 'कुणी?'चं उत्तर तिथे होतं.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. 'इलमॅटिक'च्या कॅसेटवर बाजू अ आणि बाजू ब नाहीत. एका बाजूचं नाव ४० व्या गल्लीवरून, उत्तर, दुसरीचं ४१ व्या गल्लीवरून, दक्षिण. त्याच्या क्वीन्सब्रिजच्या वस्तीतल्याच त्या गल्ल्या. सरकारनं बांधलेली घरं, सहा मजली विटांच्या इमारती. कव्हरवर त्याचा लहानपणीचा चेहरा आणि त्या चेहऱ्यातून दिसणारी तीच वस्ती. मला हे समजलं तेव्हा मी मोठेबाबाचा खोका परत उघडला. आपल्या कोणत्याच कॅसेटीवर बाजूला गल्लीचं नाव नाही. असायला पाहिजे होतं.

बाराखडी
पोट्टा, त्या अल्बमवर त्याचे वडील ओलू दारा यांनी कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवलंय, हेही लेखात येऊ दे. जॅझ वाजवणारा बाप आणि रॅप करणारा मुलगा एकाच गाण्यात. याला आपल्याकडे 'घराणं' म्हणता येईल का, हा माझा वेगळा प्रश्न.

वाङ्मयप्रेमी
घराणं शिष्यपरंपरेनं होतं, रक्तानं नाही. वेगळा धागा काढा. मला 'बाजू' या शब्दावर बोलायचं आहे. तबकडीची बाजू, कॅसेटची बाजू, वादातली बाजू, मैदानाची बाजू. 'स्टुडिओ अल्बम' मध्ये 'स्टुडिओ' कशाला विरोध करतो? मैफलीत ध्वनिमुद्रित केलेल्याला. म्हणजे इथे 'स्टुडिओ' ही जागा नसून बाजू आहे. मराठीत तो शब्द सरळ गाळला तरी अर्थ जात नाही.

नागनदीकाठ
गाळला. 'पदार्पण'ही गाळलं. उद्या शुक्रवार आहे, दुसऱ्या भागाच्या मथळ्याची जागा कोरीच आहे.

महालकरीण
बाजूवरून आठवलं म्हणून आत्ता माळ्यावरची ट्रंक उघडली. आजोबांच्या सात तबकड्या निघाल्या. प्रत्येकीच्या कागदी पाकिटावर त्यांच्या हातचं काहीतरी आहे. एकीवर निळ्या शाईत लिहिलंय, 'प्लेट नं. ४. दोन्ही बाजू चांगल्या.' दुसरीवर, 'एक बाजू चांगली. दुसरी सवयीनं.'

वाङ्मयप्रेमी
'सवयीनं'? नक्की तसंच आहे का? 'प्लेट' ऱ्हस्व-दीर्घासकट जसंच्या तसं उतरवून द्या. आणि साल दिसतंय का बघा, हा वापर किती जुना ते मला हवंय.

इंदोरा_पोट्टा
ताई, फोटो टाका ना.

महालकरीण
कोपऱ्यात साल आहे, पण ओल लागून शाई पसरलीये. सकाळी उन्हात धरून बघते.