ग्रामसभेने शिवीगाळ आणि दारू पिऊन गोंधळ घालण्याबद्दल दंड ठरवला, तर तो कायद्याने टिकतो का?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका ग्रामपंचायतीची सदस्य असून, येत्या ग्रामसभेपुढे येणाऱ्या एका ठरावाविषयी जाणकारांचे मत मला हवे आहे.

आमच्या गावात एसटी थांब्याला लागूनच दोन टपऱ्या आहेत. तालुक्याच्या कॉलेजातून मुली संध्याकाळच्या गाडीने परततात, त्या वेळी तिथे दारू पिऊन बसलेल्यांची आपसांत शिवीगाळ चालू असते आणि कधी कधी प्रकरण मारामारीवर जाते. मुलींना त्या घोळक्याला वळसा घालून नाल्याच्या काठाने, अंधारातून घर गाठावे लागते. दोन-तीन घरांत मुलीचे कॉलेज बंद करण्याची भाषा सुरू झाली आहे आणि मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. याशिवाय वराती आणि मिरवणुकांतला डीजे मध्यरात्र उलटली तरी थांबत नाही.

काही ज्येष्ठांनी ठरावाचा मसुदा केला आहे. सार्वजनिक ठिकाणी आई-बहिणीवरून शिवी दिल्यास ५०० रुपये, दारू पिऊन गोंधळ घातल्यास १,१०० रुपये दंड. दंड न भरल्यास त्या घराला ग्रामपंचायतीचा कोणताही दाखला द्यायचा नाही. आणि तरीही न भरल्यास त्यांच्या लग्नकार्याला गावाने जायचे नाही, असे त्यात लिहिले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिव्यांवर ५०० रुपये दंडाचा ठराव केला, त्याचा दाखला दिला जातो. हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही, परंतु असा ठराव करण्याचा अधिकार आपल्याला आहे का, आणि नसेल तर आपण नेमके काय करू शकतो?

उत्तर (निवृत्त ग्रामविकास अधिकारी)

ताई, आपण ठरावाआधी विचारले हे फार चांगले झाले, कारण ठराव झाल्यानंतर त्याची अंमलबजावणी ग्रामपंचायतीच्या दप्तरावर येते आणि सही करणारा अडकतो.

मसुद्यातील तीन भाग वेगवेगळे पाहावे लागतील. शिवी देऊ नये, गोंधळ घालू नये असे आवाहन करणारा आणि तसा सामूहिक निश्चय नोंदवणारा ठराव ग्रामसभा निःसंशय करू शकते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि मुलांच्या अभ्यासासाठी घरोघरचे टीव्ही व मोबाइल दीड तास बंद ठेवले जातात. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि पुढे राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. या ठरावांमागे गावाची संमती आणि घरोघरी जाऊन केलेले बोलणे होते.

दंडाचा भाग मात्र निराळा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याने पंचायतीला जे अधिकार दिले, तेवढेच तिला आहेत. त्याबाहेरचा दंड एखाद्याने स्वखुशीने भरला तर भरला, परंतु तो सक्तीने वसूल करता येत नाही आणि त्याची पावती कोणत्या शीर्षाखाली फाडायची याचेही उत्तर आपल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला देता येणार नाही.

दाखला अडवण्याचा भाग तर काढूनच टाकावा. जन्म, मृत्यू व विवाहाची नोंद, नमुना ८ चा (घर-जागेच्या कर आकारणी नोंदवहीचा) उतारा, निराधार असल्याचा दाखला या सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित आहेत. ठरलेल्या मुदतीत, योग्य कारणाशिवाय सेवा दिली नाही, तर दंड गावकऱ्याला नव्हे, संबंधित अधिकाऱ्याला होतो आणि तो ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत असतो. कोणी म्हणेल की येणे बाकी नसल्याचा दाखला तरी अडवता येईल. तेही करता येत नाही, कारण जो दंड मुळात कायदेशीर नाही, तो ग्रामपंचायतीची बाकी म्हणून दाखवता येणार नाही.

उत्तर (तालुका न्यायालयातील वकील)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात तिसऱ्या भागाविषयी भर घालणे मला अत्यंत आवश्यक वाटते. लग्नकार्याला जायचे नाही असे गावाने मिळून ठरवणे म्हणजे बहिष्कार आहे. रायगड जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या होत्या आणि अशा अनुभवांतूनच सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा अधिनियम घडला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शांततेसाठी केलेल्या ठरावावर हात वर करणारे प्रतिष्ठित लोक उद्या आरोपी म्हणून उभे राहावेत, असे कोणालाच वाटत नसेल. बहिष्कृत कुटुंब अनुसूचित जातीचे किंवा जमातीचे असेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होऊ शकतो.

दंडाबाबत मूळ तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद २० मध्ये आहे: कृत्य घडले त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाल्याशिवाय कोणालाही दोषी ठरवता येत नाही. ग्रामसभेचा ठराव हा असा कायदा नव्हे.

आता आपण काय करू शकता ते सांगतो. थांब्यावर जे घडते आहे, त्यातील बहुतेक सर्व कृत्ये आधीच गुन्हे आहेत. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन करण्याबद्दल महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ चे कलम ८५ आहे आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३५५ आहे. या कलम ३५५ मध्ये चोवीस तासांपर्यंत साधी कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितली आहे. समाजसेवेची तरतूद १ जुलै २०२४ पासून आली असून, गावातल्या माणसाला तुरुंगात न पाठवता जबाबदारीची जाणीव देणारी ती आहे असे माझे मत आहे. सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग केल्यास कलम १९४ लागते. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारून इतरांना त्रास दिल्यास कलम २९६ लागते, आणि समोरचा चिडून शांतता भंग करील अशा हेतूने अपमान केल्यास कलम ३५२. यांपैकी कलम ३५२ अदखलपात्र असल्यामुळे त्यात पोलीस केवळ एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. लोक म्हणतात की पोलिसांनी काहीच केले नाही, त्याचे एक कारण हे असते.

परंतु त्याच माणसाविरुद्ध पुन्हा पुन्हा एनसी होत असेल, तर त्या नोंदी वाया जात नाहीत. त्यांच्या आधारे पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, प्रस्ताव पाठवू शकतात. यालाच आपण चॅप्टर केस म्हणतो. त्या व्यक्तीला नोटीस निघते, तिचे म्हणणे ऐकले जाते आणि शांतता राखण्यासाठी एक वर्षापर्यंतचा बाँड लिहून घेता येतो. बाँड मोडला तर त्यातील रक्कम भरावी लागते. गावाला पैशाचा धाक हवाच असेल, तर तो कायद्याने दिलेला हा मार्ग आहे.

उत्तर (एक ग्रामस्थ)

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. पोलीस ठाणे पंचवीस किलोमीटरवर असते, फोन केला तरी गाडी येईपर्यंत घोळका पांगलेला असतो, आणि तक्रार करणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जायचे असते. अशा गावात ५०० रुपयांच्या ठरावाने निदान एवढे होते की शिवी देणाऱ्याला चारचौघे टोकतात. सौंदाळ्याच्या ठरावाची चर्चा सगळीकडे झाली, कारण आई-बहिणीवरून शिवी म्हणजे चालायचेच, या समजुतीला एका गावाने जाहीरपणे नकार दिला. ठराव कायद्याच्या कसोटीवर तोकडा असेल, तरी त्यामुळे बोलायला तोंड मिळते. दंड ऐच्छिक ठेवावा, वाचनालयासाठी देणगी म्हणून घ्यावा, असे काही करता येणार नाही का?

उत्तर (पोलीस पाटील)

दादांनी मांडलेली अडचण खरी आहे आणि ती मी रोज पाहतो. तरीही ऐच्छिक देणगीबाबत सावध राहावे असे मला वाटते. गावात ऐच्छिक म्हणून सुरू झालेली वर्गणी गरिबाकडून सक्तीने घेतली जाते आणि वजनदार माणसाच्या मुलाला कोणी मागत नाही. ज्या दिवशी मजुराने भरले आणि बागायतदाराच्या पोराला सोडले, त्या दिवशी ठरावाची किंमत संपते आणि गावात नवा तंटा उभा राहतो.

पोलीस पाटलालाही दंड करण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातील शांततेला बाधा येईल अशी माहिती वेळेवर पोलिसांना व कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देणे, हे आमचे मुख्य काम आहे. ११२ ला कोणीही फोन करू शकते, परंतु पोलीस पाटलाचा लेखी अहवाल दर वेळी गेला, तर वकील साहेबांनी सांगितलेल्या चॅप्टर केसला आधार मिळतो. आपल्या पोलीस पाटलांना तसे अहवाल मागा आणि त्यांच्या पोचा पाहा.

तंटामुक्त गाव समितीचा उपयोग करून घ्यावा. ही मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, तेव्हा गृहमंत्री आर. आर. पाटील होते, आणि दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर अशा चारही प्रकारचे तंटे गावात सामोपचाराने मिटवावेत ही तिची कल्पना आहे. बऱ्याच गावांत मोहिमेचा पुरस्कार मिळाल्यानंतर समिती फलकावरच उरली. ती जागी करता येते. समझोता लिहिताना दोन्ही बाजूंना वेगवेगळे ऐकावे, मग समोरासमोर बसवावे, लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याने आपल्या विश्वासातील माणसाकडून पुन्हा वाचून घेतल्यावरच त्याचा अंगठा घ्यावा. घाईने घेतलेली सही महिनाभरही टिकत नाही.

एक गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. मुलीची छेड, विनयभंग, बायकोला मारहाण, जातीवरून अपमान ही प्रकरणे समितीने मिटवायची नाहीत. अशा ठिकाणी गावाची अब्रू वाचवण्याच्या नावाखाली त्या बाईलाच गप्प बसवले जाते. ती सरळ पोलीस ठाण्यात गेली पाहिजेत आणि घरातील हिंसेच्या बाबतीत संरक्षण अधिकाऱ्याकडेही.

डीजेचे म्हणाल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातील जास्तीत जास्त १५ जाहीर दिवसांपुरतीच असते. वरात निघण्याआधी, सुपारी देतानाच, डीजेमालक आणि वधू-वर दोन्हीकडच्या कारभाऱ्यांना ही वेळ लेखी कळवावी. रात्री साडेअकराला नाचणाऱ्या पोरांसमोर उभे राहून कायदा सांगणे धोक्याचे असते. हा नियम सर्व जातिधर्मांच्या मिरवणुकांना सारखा लावणार असाल तरच हात घाला.

उत्तर (निवृत्त ग्रामविकास अधिकारी)

पंचायतीच्या हातात जे खरोखर आहे, ते राहून गेले म्हणून पुन्हा लिहितो. माणसांना शिक्षा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, परंतु जागेवर बराच अधिकार आहे. त्या दोन टपऱ्या कोणाच्या जागेत आहेत ते आधी नमुना ८ वरून पाहा. सार्वजनिक रस्त्यावर किंवा पंचायतीच्या जागेत असतील, तर अधिनियमाच्या कलम ५३ खाली अतिक्रमण काढण्याची कारवाई करता येते. मात्र टपरीवाल्याचे पोट त्यावर असेल तर त्याला दुसरी जागा सुचवावी. थांब्यावर आणि नाल्याच्या वाटेवर दिवे लावणे हे पंचायतीचे नेहमीचे काम आहे. गाडी शाळेच्या फाटकाशी थांबावी असे पत्र आगार व्यवस्थापकांना देता येते. तिथे हातभट्टीची दारू विकली जात असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे लेखी तक्रार करा. परवानाधारक दुकान असेल, तर २५ टक्के महिला मतदारांच्या मागणीवरून मतदान होऊ शकते आणि एकूण मतदारसंख्येच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, पडली, तर दुकान बंद होते. मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, एकूण नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात, हे लक्षात ठेवून घरोघरी तयारी करावी लागते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दंड, दाखला आणि लग्नकार्य हे तिन्ही भाग काढून मी नवा मसुदा केला आहे:

"ही ग्रामसभा असा निश्चय करते की गावातील सार्वजनिक ठिकाणी शिवीगाळ, मद्यपान करून गोंधळ आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक यांना कोणाच्याही बाबतीत, व्यक्ती किंवा समाज न पाहता, मुभा असणार नाही, अशा प्रत्येक घटनेची लेखी माहिती पोलीस ठाण्यास दिली जाईल, एसटी थांबा व नाल्याकडील रस्ता येथे पंचायत निधीतून दिवे बसवले जातील, थांब्यालगतच्या टपऱ्यांच्या जागेची तपासणी करून अहवाल पुढील ग्रामसभेत मांडला जाईल, आणि तक्रार करणाऱ्या महिलेचे नाव पंचायतीकडून जाहीर केले जाणार नाही."

यात काही राहिले असल्यास कृपया सांगावे.

उत्तर (तालुका न्यायालयातील वकील)

मसुदा टिकणारा आहे. दोन सूचना करतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली त्याचेही नाव भोंग्यावरून किंवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात जाहीर करू नये असे जोडावे, कारण त्यातून बदनामीची प्रकरणे उभी राहतात. दुसरे म्हणजे, नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घेणे आवश्यक असते आणि पुष्कळ गावांत ती फक्त रजिस्टरमध्ये होते. हा विषय आधी तिथे प्रत्यक्ष चर्चेला ठेवा आणि कॉलेजला जाणाऱ्या ज्या मुली मतदार झाल्या आहेत, त्यांना आवर्जून बोलवा. दिवे कोणत्या खांबांवर हवेत आणि गाडी कुठे थांबायला हवी, हे त्या सांगतील तसे ठरावात लिहा, आणि ठरावाची प्रत पोलीस ठाणे, तहसील कार्यालय व गटविकास अधिकारी यांना देऊन तिन्ही ठिकाणची पोच दप्तरी लावा.