मदत हवी आहे: मूळ आडनाव कुठल्या रेकॉर्डला सापडतं? (कोल्हापूर, अर्जंट)

शिवाजीपेठी:
आमचं आत्ताचं आडनाव मूळचं नाही असं घरात सगळे म्हणतात. मूळ कोणतं ते सांगणारं आता कोणी राहिलं नाही. तहसीलला बघून आलो, आमच्या नावाची एकही जुनी नोंद निघत नाही. दुसऱ्या एका ऑफिसात "ऑनलाइन बघा" म्हणून वाटेला लावलं. ऑनलाइन सातबारा सोडून काही दिसत नाही. नक्की कुठं जायचं? एकच जागा सांगा, फिरत बसायला वेळ नाही.

पंचगंगा_७७:
कोणतं आडनाव? कुठलं तहसील? गाव कोणतं?

कागदपत्र_मार्गदर्शक:
नमस्कार. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. वडील, आजोबा, चुलत आजोबा अशा रक्ताच्या नात्यातल्या कुणाचाही शाळेचा दाखला चालतो. वंशावळीचं शपथपत्र जोडा. आडनाव बदललेलं असेल तर तेही शपथपत्रात लिहा, नाहीतर पडताळणी समितीत अडकेल. २०२३ ला न्या. शिंदे समिती नेमल्यापासून जुन्या कुणबी नोंदी बऱ्याच शोधल्या गेल्यात, त्या याद्याही बघा.

शिवाजीपेठी:
दाखला नकोय. दाखला आहे. मी दाखल्याचं कुठं म्हटलंय?

कागदपत्र_मार्गदर्शक:
सगळे आधी असंच म्हणतात. पुढं लागतोच. पुरावे आत्ताच गोळा करून ठेवा.

मोडीवेडा:
शिवाजीपेठी, आडनाव आणि गाव सांगितल्याशिवाय कुणीही काही सांगू शकत नाही. आणि कशासाठी पाहिजे तेही सांगा, त्यावर वाट ठरते. जमिनीच्या वारसासाठी असेल तर एक, भाऊकी शोधायची असेल तर दुसरी.

शिवाजीपेठी:
आडनाव आजरेकर. गाव आजरा, आणखी कुठलं असणार? पणजोबा शाहू मिलमध्ये कामाला लागले तेव्हापासून आम्ही कोल्हापुरातच. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झालं की लगेच तारीख आहे. मुलीकडच्यांनी मूळ आडनाव आणि देवक विचारलंय. आम्हाला दोन्ही माहीत नाही. आजऱ्यात चौकशी केली, आजरेकर म्हणून तिथं एकही घर नाही.

गडहिंग्लज_पूर्वभाग:
नसणारच की भावा! आजऱ्यात राहणारा माणूस आजरेकर कशाला म्हणवून घेईल? गाव सोडलं की चिकटतं ते. मिलच्या मस्टरवर कुणी तरी लिहिलं असणार, "कुठला रं तू?" "आजऱ्याचा." झालं. तुम्ही तहसीलला नसलेलं नाव शोधत बसलाय.

पंचगंगा_७७:
+१. माझ्या मामांच्या गल्लीत तीन घरं भुदरगडकर आहेत, तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

निवृत्त_भाऊसाहेब:
मी तलाठी म्हणून आयुष्य काढलं. सांगतो ते नीट ऐका. आडनाव बाजूला ठेवा, पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव धरा. जमीन होती का? असेल तर हक्क नोंद आणि जुने फेरफार काढा. वारसाच्या फेरफारात मयताचं नाव, मुलं, कधीकधी पुतणेसुद्धा येतात, तिथं भाऊकी उघडी पडते. जमीन नसेल तर गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा, पण गाव बरोबर लिहून. "आजरा तालुका" एवढं लिहून दिलं तर माणूस कपाटाकडे जाणारच नाही. त्याच्या मागचं पाहिजे असेल तर गावच्या कुलकर्ण्यांच्या वाड्यात विचारा. शाहू महाराजांनी १९१८ ला कुलकर्णी वतन काढून तलाठी आणले. त्याआधी दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असायचं, आणि सगळंच काही सरकारजमा झालेलं नाही.

मोडीवेडा:
भाऊसाहेब, इथं एक अडचण आहे. ते झालं खालशातल्या, म्हणजे थेट दरबारच्या अमलातल्या गावांचं. आजरा होता इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीत. जहागिरीचा कारभार वेगळा, दप्तर वेगळं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याआधी आपलं गाव कुणाच्या अमलात होतं हे आधी ठरवायचं, मग कपाट शोधायचं. आजचा जिल्हा डोक्यातून काढून टाका. शाहूवाडीकडं विशाळगडची जहागीर, मलकापूरला तिचं ठाणं. कागल वेगळी, बावडा वेगळी. आजच्या हातकणंगले भागातली गावं जुन्या कागदात आळते पेट्यात (पेटा म्हणजे तेव्हाचा तालुका) निघतात. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. उलटीकडून रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, आज कर्नाटकात आहे. माणसं आजचा नकाशा घेऊन जातात आणि "रेकॉर्ड जळालं" म्हणत परत येतात. जळालेलं नसतं, चुकीच्या दारात उभे असतात.

पुराभिलेख संचालनालयाचं पुरालेखागार कोल्हापुरातच आहे, तिथं संस्थानी दप्तर आहे. पण नाव सांगून माणूस सापडेल या आशेनं जाऊ नका. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, खात्यावर आणि गावावर लावलेले असतात. आणि कागद मोडीत. तिथं "रामा बिन सखोबा" असंच असतं, म्हणजे सखोबाचा मुलगा रामा. आडनाव असेलच असं नाही. वतनदार असेल तर पाटील, चौगुले, देसाई असा हुद्दा लागतो, साध्या कुळाला तेवढंही नाही.

सन बघताना फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९० मिळवा म्हणजे इसवी येतो, जूननंतरचा भाग. शके असेल तर ७८. त्याहून जुन्या कागदावर शुहूर सन असतो आणि तो आकड्यात नाही, अरबी शब्दांत: "सीत समानीन मया व अलफ" म्हणजे ११८६. त्यात ५९९ मिळवायचे.

निवृत्त_भाऊसाहेब:
जहागिरीचं मान्य. पण पोराला लग्नाची घाई आहे आणि तुम्ही त्याला अरबी आकडे शिकवताय.

त्र्यंबक_दर्शन:
सरळ नाशिकला जा. रामकुंडावर उपाध्यांकडं नामावळ्या असतात. गाव सांगितलं की तुमच्या गावाचे उपाध्ये कोण ते कळतं, चोपडी काढतात, पूर्वजांपैकी कोण कधी आला, बरोबर कोण होतं, सगळं लिहिलेलं. आमच्या सात पिढ्या निघाल्या. पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांकडंही असतं.

पंचगंगा_७७:
त्यासाठी पूर्वज नाशिकला गेलेला पाहिजे. कोल्हापूरकडच्या किती साध्या शेतकऱ्यांना शंभर वर्षांपूर्वी नाशिक परवडत होतं? आमच्याकडं अस्थी पंचगंगेत, फार तर नरसोबाच्या वाडीला संगमावर. पंढरपूर एक वेळ मानतो, वारी सगळेच करायचे.

त्र्यंबक_दर्शन:
गेल्याशिवाय कसं कळणार?

गडहिंग्लज_पूर्वभाग:
आमच्या भागात याला एकच उत्तर आहे, हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणारा. सुगी झाली की बैल घेऊन दारात येतो, चोपडी उघडून मूळपुरुषापासून वाचायला सुरुवात करतो. मूळ गाव, कुळी, देव, कोण कुठं फुटून गेला, कोण निपुत्रिक वारला, सगळं. नवीन जन्मलेल्या पोरांची नावं तिथंच लिहून घेतो, धान्य-पैसा घेतो आणि पुढच्या घरी. गावं त्यांच्यात वाटून घेतलेली असतात, दुसऱ्याच्या गावात हेळवी जात नाही. आमच्या थोरल्या आज्याचा एक भाऊ कर्नाटकात गेला होता हे आम्हाला हेळव्यानंच सांगितलं. पुढं ती माणसं खरोखर भेटली.

इतिहास_कट्टा:
हेळव्यांचा मान राखून सांगतो, दक्षिणा बरी मिळाली की मूळपुरुष थेट उदेपूरहून येतो. मी ऐकलेल्या निम्म्या वंशावळींत सिसोदिया राजपूत आहेत.

गडहिंग्लज_पूर्वभाग:
मूळपुरुषाचं सोडा की. वरच्या पिढ्यांना कोण साक्षीला हाय? पण खालच्या पाच-सहा पिढ्या आणि कोण कुठल्या गावी गेला ते त्याच्या बापानं दारात बसून, घरच्यांच्या तोंडून लिहिलेलं असतं. त्यात खोटं कशाला लिहील? पुढच्या वर्षी त्याच दारात यायचं असतं त्याला.

इतिहास_कट्टा:
तेवढं मान्य. बाकी देवक-शहाण्णव कुळीचा हा सगळा घोळ २१ व्या शतकात कशाला पाहिजे ते कळत नाही. मुलीकडच्यांना सांगा, मुलगा कमावतोय.

शिवाजीपेठी:
ते मी त्यांना सांगू? लग्न मोडायला सांगताय का?

जीनशोध:
डीएनए टेस्ट करा. घरबसल्या किट येतं.

मोडीवेडा:
डीएनएत आडनाव लिहिलेलं नसतं हो. देवक तर नाहीच नाही.

रंकाळा_काकू:
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, आजऱ्याकडचं कुणी खात्रीचा घनसाळ तांदूळ देईल का? बाजारात घनसाळ म्हणून काहीही विकतात. शिजल्यावर वासच नाही.

पंचगंगा_७७:
काकू, भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नुसत्या पिशव्यांवरच वास आहे.

रंकाळा_काकू:
तेच ना. बरं बाळ, तुमच्या घरात थोरल्या बायका आहेत का कुणी? आत्या, आजी? देव कुठला सांगतात त्या?

शिवाजीपेठी:
आत्या आहे, ऐंशीच्या वर. ती म्हणते आमचा देव रवळनाथ, जोतिबाला आपण इथं आल्यावर जायला लागलो.

इतिहास_कट्टा:
रवळनाथ आजऱ्याचा ग्रामदेव आहे. चंदगड, आजरा, खाली कोकणात, गोव्यात, गावोगाव रवळनाथ. त्यावरून कूळ ठरत नाही. ग्रामदैवत वेगळं आणि कुलदैवत वेगळं.

रंकाळा_काकू:
देवघरातल्या टाकावर (देवाच्या धातूच्या पत्र्यावर) कोण आहे ते बघा आधी. ग्रंथ नंतर.

निवृत्त_भाऊसाहेब:
काकू बरोबर बोलल्या. आणखी एक. घरात जुनी आहेराची वही असेल ती काढा. आज्याच्या लग्नातली असेल तर सोनंच. आहेर करणाऱ्यापुढं गाव लिहिलेलं असतं. एकाच गावातले आठ-दहा जण एकत्र आले असतील तर ती भाऊकी किंवा सोयरीक. त्यांची आडनावं बघा. आणि आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर. सक्तीचं मोफत शिक्षण महाराजांनी १९१७ ला आणलं, पुढच्या पोरांची नावं आडनावासकट शाळेत चढली. आजोबा कोल्हापुरात शिकले की गावी?

शिवाजीपेठी:
कोल्हापुरात. दाखल्यावर आजरेकरच आहे. आहेराची वही नाही, पुरात गेली म्हणतात. पण आत्याच्या ट्रंकेत एक कागद निघाला, मोडी असावा. फोटो टाकतो. काय लिहिलंय सांगा.

मोडीवेडा:
उजेड वरून पडलाय, घडीवरची अक्षरं पांढरी झालीत. कागद खिडकीशी धरा, उजेड बाजूनं येऊ द्या, परत काढा. घडी जबरदस्तीनं उलटी दाबू नका, तुटेल.

शिवाजीपेठी:
टाकला. लवकर बघा.

मोडीवेडा:
कर्जरोखा आहे. फसली १३२१, म्हणजे १९११-१२. घेणाऱ्याचं नाव "गोपाळा बिन दारकू". पुढं "साकीन वाटंगी", म्हणजे राहणार वाटंगी. रक्कम घडीत गेली आहे. खाली निशाणी नांगराची, म्हणजे सही येत नव्हती, शेतकरी. आडनाव कुठंच नाही.

शिवाजीपेठी:
गोपाळा म्हणजे पणजोबा. पण आडनाव नाही तर उपयोग काय?

निवृत्त_भाऊसाहेब:
अहो, गाव मिळालं की! वाटंगी आजरा तालुक्यात आहे. तुम्ही आजरा आजरा करत होता, माणसं वाटंगीची. शहरात कुणाला वाटंगी कळणार, म्हणून त्यांनी आजरा सांगितलं असणार. आता अर्ज नव्यानं करा: मौजे वाटंगी, गोपाळा दारकू, १९११ च्या पुढचे फेरफार. "दारकू" नाव रोजचं नाही, पटकन डोळ्यात भरेल. त्याच्या वारसात दुसरा मुलगा निघाला तर त्याचे वंशज आज गावात जे आडनाव लावतात ते तुमचं.

कागदपत्र_मार्गदर्शक:
हा कागद लॅमिनेट करून ठेवा, पुढं दाखल्याला उपयोगी पडेल.

मोडीवेडा:
लॅमिनेट अजिबात करू नका!! प्लास्टिक चिकटलं की कागद कायमचा गेला. जुने कागद ठेवायची खास पाकिटं मिळतात, नाहीतर धुतलेल्या सुती कापडात ठेवा.

गडहिंग्लज_पूर्वभाग:
वाटंगीला कुठला हेळवी जातो ते आमच्या पाहुण्यांना विचारतो. पण तो येणार सुगीनंतर. तुमची तारीख त्याच्या आधी. त्याच्या गावी जाऊन गाठावा लागेल, चोपडी घरी असते.

शिवाजीपेठी:
आणि तोवर मुलीकडच्यांना काय सांगू? देवकाचं?

रंकाळा_काकू:
पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं, सांगा. पुष्कळ घरांचं तेच असतं, कुणी हरकत घेत नाही. आणि खरं देवक सापडलंच तर लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं तरी चालतं, देवक बसतं त्या दिवशीच. फक्त आत्याला विचारून घ्या, तुमच्या वडिलांच्या लग्नात मुहूर्तमेढीला कसली डहाळी बांधली होती. बायकांच्या ते लक्षात असतं.

शिवाजीपेठी:
विचारलं. म्हणते कळंबाची होती. रविवारी वाटंगीला जातोय. ओळखीचं कोणी आहे का तिथं?

इतिहास_कट्टा:
कळंब म्हणजे कदंब. ते देवक सांगणारी कुळं पुष्कळ, त्यावर उडी मारू नका.

गडहिंग्लज_पूर्वभाग:
गावात पोचल्यावर आधी देवळात जा, गुरवाला "दारकूची माणसं कोण" म्हणून विचारा. आडनाव विचारू नका. फोन नंबर खासगीत पाठवतो.

रंकाळा_काकू:
जाताय तर पाच किलो घनसाळ बघा हो.